निळ्या पट्ट्या

४ नोव्हेंबर
एकदाची रुजू झाले. संग्रहालयाच्या मागेच दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, म्हणजे ठकूला शाळेतून आणून थेट कामावर पळता येईल. नवरा जहाजावर, तेव्हा सध्या आम्ही मायलेकीच. इथली जुनी छायाचित्रं, ध्वनिमुद्रणं ठीक आहेत. फिल्मच्या रिळांचे मात्र हाल कुत्रं खात नाही. विभागाच्या मोठ्या बाई म्हणाल्या, आधीची मुलगी काम अर्धवट टाकून गेली. माझ्या बाबतीत तशी काळजी नको म्हटलं, मी चिवट आहे.

७ नोव्हेंबर
प्रत्येक डब्यात निळ्या कागदाची पट्टी ठेवायची. रीळ कुजू लागलं की पट्टी आधी हिरवट, मग पिवळी पडते. कुजणाऱ्या रिळाला व्हिनेगरसारखा वास येतो, ते आकसतं आणि शेजारच्यांनाही लागण करतं. म्हणून ते लगेच शीतखोलीत वेगळं ठेवायचं. आज असंच एक घरगुती रीळ सापडलं. कुणी आई मुलीला झोका देतेय. इतकं गोड, की दिवसभर उघडंच ठेवून पाहत बसले. शाळा सुटल्यावर ठकूही मांडीवर बसून पाहत होती. मोठ्या बाईंनी चांगलंच झापलं.

१२ नोव्हेंबर
घरात आंबट वास. मोरी घासली, चादरी उकळल्या, वास ढिम्म हलेना. माझ्या चपला सैल झाल्यात. कामाने वाळलीस, असं मोठ्या बाई म्हणतात.

१५ नोव्हेंबर
ठकूच्या गणवेशाच्या बाह्या बोटांवर येतायत. मोठ्या मापाचा घेतलात वाटतं, असं तिच्या वर्गाच्या बाई हसून म्हणाल्या. मीही हसले. गेल्या महिन्यात तो तिला आखूड होत होता.

१७ नोव्हेंबर
वेडेपणाच, पण दोघींच्या उशाखाली पट्ट्या ठेवल्या. तिची निळीच आहे, कडा तेवढ्या हिरवट. माझी पिवळीधमक. म्हणजे माझ्यामुळे तिला — पण अजून वेळ आहे. नक्की आहे.

१८ नोव्हेंबर
मोठ्या बाईंना माझी पट्टी दाखवली. त्या मागे सरकल्या. आधीची मुलगी कुठे गेली विचारलं. गेली नाही, म्हणाल्या. शीतखोलीत आहे. खालच्या फळीवर, डब्यात —

१९ नोव्हेंबर
आजारी वेगळं काढायचं, बस्स. नणंद दुपारी येऊन ठकूला नेईल. तोवर मोठ्या बाईंजवळ बसवलंय. निघताना पापा घेतला नाही. लागण नको. शीतखोलीत येऊन आतून कडी लावली. बोटं वळत नाहीत, पेन निसटतं —

ठकू दाराशी आलीय. आई, मलापण आत घे म्हणते. उघडणार नाही. माझं लेकरू वाचायला हवं —

रडणं थांबलं. नणंद आली असेल.

नाही. दाराखाली तिची बोटं दिसतायत. तिथून जेमतेम कागद सरकेल — मनगट आलं — मी ओरडतेय, मागे हो — अख्खा हात, चपटा, फिल्मसारखा पातळ — बाळा, नको — आता कपाळ —