दसऱ्याचा पत्रा

लिंबायत, सुरत
१६ ऑक्टोबर १९९७

प्रिय प्रमोद,

'प्रिय' लिहिताना हात अडला, पण पत्राला सुरुवात तर करायला हवी. माझं अक्षर ओळखून तू हे लपवून वाचशील हेही मला माहीत आहे. लपवण्यात तू पहिल्यापासून हुशार.

मी बरी आहे. पर्वत पाटियाजवळच्या एका कारखान्यात खोट्या दागिन्यांना पाणी चढवते. बाबांनी लूम सोडली, कानानं काही ऐकू येत नाही. लग्न केलं नाही. त्याचा दोष तुला देत नाही, तेवढा तू मोठा नाहीस. पण आपल्या पत्र्याचा दोष माझ्या नावावर पडला आणि तू तो पडू दिलास, ते मात्र मी विसरले नाही.

तुला आठवतं का, तो पत्रा किती वेळा बिघडून मग जमला होता? चांदी आणि तांब्याचे पातळ थर एकावर एक रचायचे, तारेनं आवळायचे, भट्टीत थरांच्या कडेला चांदीला घाम सुटेपर्यंत, म्हणजे ती वितळायच्या बेतात येईपर्यंत, ठेवायचे आणि लगेच दाबायचे. मग मागून ठोके द्यायचे, पुढे आलेले उंचवटे मी कानशीनं घासून काढायचे, आणि खालचे थर हळूहळू वर दिसायला लागायचे. लाकडाच्या रेषांसारखी नक्षी, प्रत्येक वेळी वेगळी. त्याचं पहिलं कर्णफूल तू माझ्या कानाला लावून बघितलंस, तेव्हा तुझे वडील समोर होते तरी तू लाजला नाहीस. तेवढं एकच धाडस मी तुझ्यात पाहिलं.

तुझे वडील, सखारामकाका, तसे वाईट नव्हते. तुमच्याकडे कामाला आलेल्या बौद्धाच्या मुलीला त्यांनी कानस धरायला शिकवली, तुमच्या सोनारांत तेव्हा कुणी शिकवली नसती. माल घेणाऱ्या छगनशेठला नमुना पसंत पडला की तुम्हा दोघांचं बघू, असं ते म्हणाले होते. मी घरी जाऊन बाबांना सांगितलं. बाबा नुसते हसले, आणि त्या हसण्याचा मला राग आला होता. आता येत नाही.

प्लेगच्या आदल्या वर्षीचा दसरा. मुहूर्तावर भट्टी लावायची म्हणून आपण पत्रे आदल्या दिवशीच तेजाबात धुऊन स्वच्छ फडक्यावर मांडून ठेवले होते. त्यांना बोट लावायचं नाही, तेवढ्या मळानंही थर जुळत नाहीत, चिमट्यानंच उचलायचं, हा नियम तूच मला शिकवलास. सकाळी मी आले तर तू पत्र्यांवर वाकून सदऱ्याच्या टोकानं काहीतरी पुसत होतास. काय रे, म्हटलं, तर धूळ म्हणालास. तुझ्या पांढऱ्या सदऱ्याचं टोक लाल होतं. आमच्या घरी खंडेनवमीची हत्यारपूजा नाही, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, त्यामुळे त्या लालीचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

छगनशेठसमोर पत्रा रोलरमधून काढला आणि तो मधोमध फुगून पोळीसारखा सुटला. शेठ म्हणाले, आ तो खुली गयुं, आणि चप्पल घालून निघून गेले. तुझ्या आई, मालतीबाई, दारातूनच म्हणाल्या, हिना हातच खोटा शे. हात खोटा म्हणजे काय, ते तिथल्या सगळ्यांना कळलं होतं, तुलाही. तू रोलरची मूठ पुसत उभा राहिलास. काकांनी फुटका पत्रा माझ्या ओच्यात टाकला, हा घे तुझा, म्हणाले. लग्नाची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

घरी आल्यावर मी ते थर सोडवून उजेडात धरले. प्रत्येक पत्र्याच्या मधोमध एक काळा गोल डाग, अनामिकेच्या टोकाएवढा, सगळ्यांवर एकाच जागी. मालतीबाईंनी भक्तीनं हातोडीला, ऐरणीला लावावं तसं प्रत्येक पत्र्याला हळदकुंकू लावलं होतं. त्यांचा त्यात दोष नाही, त्यांना हे काम ठाऊक नव्हतं. तू पाहिलंस. पुन्हा तेजाबात घालायला तुला वेळ होता, पण मग आईला सांगावं लागलं असतं की तिच्या पूजेनं पत्रा बाटला. ते तुला जमलं नाही, म्हणून मी बाटवला असं ठरलं. मी तेव्हा बोलले असते तर माझं कोण ऐकणार होतं? ऐकण्यासारखं एकच तोंड होतं, आणि ते तुझं होतं. त्या वर्षात तुझ्यावर इतका जीव लावला, याची मला आजही चीड येते.

हे सगळं आज का लिहिते, तर परवा तुझी बायको नूतन माझ्याकडे आली होती. तुमच्याकडे कामाला असलेल्या लोटूनं पत्ता दिला म्हणे. चलथाणहून बस बदलत आली, डोळे सुजलेले. ह्या दसऱ्याला तू पुन्हा थरांचा पत्रा लावलास, तो पुन्हा सुटला, आणि मालतीबाईंनी तिला पांढऱ्या पायाची म्हणून माहेरी पाठवलं. बोलावल्याशिवाय येऊ नको, असं सांगून. साखर कारखान्यातल्या तिच्या बापाला आता दारात उभं राहायची लाज वाटते. ती मला विचारत होती, ताई, मनी काय चूक व्हयनी? तुमचा हात होता, माझा पाय, मग आपण दोघींनी केलं तरी काय? मी तिला चहा दिला. पेटीतला फुटका पत्रा काढला नाही. फक्त विचारलं, त्या दिवशी प्रमोदच्या सदऱ्याच्या टोकाला लाल लागलं होतं का? हो म्हणाली. दोनदा साबण लावला, तरी डाग गेला नाही. मी हे का विचारते, ते तिला मी सांगितलं नाही. ते तू सांगायचं आहेस, चलथाणला जाऊन, तिच्या बापासमोर, आणि आईला सोबत नेऊन. भाऊबीजेपर्यंत वाट बघते. नाही गेलास, तर तो पत्रा घेऊन मी जाईन.

तुझी कुणीही नसलेली,
चैताली