नाल्याकाठची पिवळी माती

१२ एप्रिल १९५९

प्रिय भीमदादा,

मूर्तिकाराकडचं काम सोडून तू गिरणीत लागलास, हे तुझ्या पत्रातून कळलं. माती हातात घेतली की बा दिसतो, असं लिहिलंस. मी मायला वाचून दाखवलं. "सुटला बिचारा," एवढंच म्हणाली आणि चुलीपुढे बसून राहिली. तिला आता नीट दिसत नाही. भाकरी मीच थापते.

बाला जाऊन चार महिने झाले. विहारात बुद्धाची मूर्ती बसवायची ठरली तेव्हा तो कसा हट्टाला पेटला होता! "माहा पोरगा नागपुरात मूर्त्या घडवते, मले एक जमनार नाही?" म्हणायचा. शेतातली काळी माती आणून त्यानं डोकं घडवलं. दोन दिवसांत कपाळापासून हनुवटीपर्यंत भेग गेली. मग त्यानं मातीत भुसा मिसळला, लीद मिसळली. त्या खेपेला नाक गळून पडलं. तेव्हा मी तुला लिहून विचारलं, आणि तुझी चिठ्ठी आली. काळी माती पाण्यानं फुगते, वाळली की आकसते, ती या कामाची नाही. नाल्याच्या काठाला पुरुषभर खाली पिवळी चिकण माती लागेल. तिची वळी करून बोटाला गुंडाळ, चीर पडली नाही तर तीच घे. ते ऐकून बा संध्याकाळपर्यंत नुसता हसत होता.

दुसऱ्या दिवशी तो कुदळ घेऊन एकटाच गेला. दुपारी काठ ढासळला. तांड्यावरचा धावजी म्हशी घेऊन तिकडून येत होता, त्यानं आरडाओरडा करून माणसं जमवली. पण उकरेपर्यंत सगळं संपलं होतं. वर बानं काढलेल्या मातीचा ढीग होता. शेजारी दगडावर चार-पाच वळ्या गोल वळवून ठेवल्या होत्या. एकीलाही चीर नव्हती.

तार उशिरा मिळाली म्हणून तू तिसऱ्या दिवशी आलास. ढिगाजवळ बसून म्हणालास, "कायले सांगतली मी त्याले ही माती?" मी तुझ्या मागेच उभी होते. पुढे लोकांनी तो ढीग खड्ड्यात लोटून दिला. विहारात आता बुद्धाची तसबीर लावली आहे.

दादा, त्या चिठ्ठीत शेवटी तू लिहिलं होतंस, 'बा, एकटा खाली उतरू नको. काठ पोकळ असतो. प्रभाला वर उभी ठेव.' तुला वाटलं, बानं तुझं ऐकलं नाही. त्याच्या कानावर ते पडलंच नव्हतं. वाचणारी मी होते, आणि तेवढं मी वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी घाटंजीचा बाजार होता. मला शेजारच्या इंदूबाईसोबत बांगड्या भरायला जायचं होतं. वाचलं असतं तर बानं मला सोबत नेलं असतं. माणूस बोलवायला आला तेव्हा मी कासारापुढे हात धरून बसले होते. मायला हे सांगायची हिंमत माझ्यात नाही. तू पुन्हा मातीला हात लावशील असं मला वाटत नाही, आणि मला माफ करशील असंही नाही. पण बा तुझ्यामुळे गेला नाही, एवढं तुला ठाऊक असावं म्हणून लिहिलं.

तू म्हणू देशील तर, तुझीच
प्रभावती