बाबांच्या पानावरची कॅप्सूल

डोंबिवली (पूर्व),
१५ सप्टेंबर २०२५

चि. सौ. सुहास हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. रसिकाची मान आता वळते. नळाला पाणी येतंय आणि रस्ता पुन्हा खणलाय, म्हणजे डोंबिवली ठणठणीत आहे. गौरी झाल्यापासून तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून सोडून देतेस. पत्र फाडायच्या आधी माणूस एकदा तरी वाचतो, म्हणून लिहायला बसलो. माझ्या बहिणीने नाही, तर निदान अनिमेषच्या आईने तरी हे शेवटपर्यंत वाचावं.

गौरीच्या जेवणाला आलो होतो तेव्हा तू स्वयंपाकघरात रसिकाला म्हणालीस, "वहिनी, दादापण बाबांच्याच वाटेने चाललाय. हाडं वर आलीत बघा. जेवताना खिशातून कायतरी काढून गुपचूप तोंडात टाकतो, अर्धी पुरणपोळी टाकून उठतो." तुमची भिंत पातळ आहे गं. मी सगळं ऐकलं आणि हात धुवायला निघून गेलो.

खिशातून काढली ती कॅप्सूल होती. मला स्वादुपिंडाचा जुनाट आजार आहे, दोन वर्षं झाली. इतक्या गोड नावाचा अवयव आपल्या पोटात आहे, हे मला पन्नाशीत कळलं. अन्न पचवणारा रस तिथे तयार होतो, आणि माझा तो जवळजवळ आटलाय. म्हणून तोच रस कॅप्सूलमधून घ्यायचा. नाही घेतला तर तूप-तेल पचत नाही, खाल्लेलं अंगी लागत नाही, संडासात तेलाचा तवंग दिसतो. हे बहिणीला लिहावं लागतंय, पण आता लाजून भागणार नाही.

पहिले काही महिने तर मी त्या कॅप्सूल जेवण झाल्यावर घेत होतो. आपल्याकडे औषध म्हणजे जेवल्यावरच, नाही का? वजन काही केल्या वाढेना. मग डॉक्टरबाई वैतागल्या. "अहो काका, ही पहिल्या घासाबरोबर घ्यायची. अन्नाच्या सोबत खाली जायला हवी, मागून पाठवून काय उपयोग?" आता पानावर बसलो की पहिला घास आणि कॅप्सूल. वजन थोडं परत आलंय. तुला दिसली ती हाडं म्हणजे बरीच सुधारणा आहे.

मग तुझ्यापासून लपवलं का? या आजाराचं नाव काढलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, पिता का? शेजाऱ्यांनी विचारलं, ऑफिसात विचारलं, रसिकाच्या भावानेही विचारलं. तुझ्या तोंडून तो प्रश्न ऐकायची माझी तयारी नव्हती. मी आयुष्यात एक थेंबही घेतलेला नाही, सुहास.

याच डॉक्टरबाईंनी पहिल्या भेटीत विचारलं होतं, "वडील कशाने गेले?" मी म्हणालो, "दारूने." त्यांनी लिहिता लिहिता विचारलं, "किती प्यायचे?" तेव्हा पहिल्यांदा आठवून पाहिलं. बाबांना पिताना मी कधी पाहिलंच नव्हतं. तू पाहिलंयस?

आपण पाहिलं ते एवढंच, की वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून आले की ते पोटाशी उशी धरून, पुढे वाकून बसायचे. त्यांना उताणं झोपवायचं नाही. तोंडाला वास यायचा तो वैद्यांच्या आसवाचा, आई स्वतः चमच्याने पाजायची. तू म्हणायचीस, बाटली आसवाची, आतलं दुसरंच. त्यात 'मुलीचे वडील पितात म्हणे' असं कळवून कल्याणचं ते स्थळ फिरलं, आणि तू बाबांशी बोलणं टाकलंस ते शेवटपर्यंत. तुला दोष देत नाही. सगळी चाळ तेच म्हणत होती आणि मीही तेच धरून चाललो होतो. त्यांचं पोट मात्र कुणी धड तपासलं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, बाबांचं आता खात्रीने सांगता येणार नाही, पण हा आजार काही घरांत पिढ्यांमधून येतो, न पिणाऱ्यांनाही होतो.

आता ज्यासाठी कागद घेतला आणि पाण्याचं नि रस्त्याचं लिहीत बसलो, ते लिहितो. त्या दिवशी जेवणानंतर अनिमेष तुमच्या सोफ्यावर पोटाशी उशी धरून, पुढे वाकून बसला होता. तू म्हणालीस, "ॲसिडिटी आहे रे, बाहेरचं खातात ही मुलं." त्याला जिऱ्याचं पाणी दिलंस. मला समोर बाबा बसलेले दिसले. मी फार घाबरलोय, सुहास. देव करो आणि ती ॲसिडिटीच असो. पण त्याला पोटाच्या डॉक्टरांकडे ने. मामाचा आजार सांग, आजोबांचं दुखणंही सांग. आणि 'आजोबा प्यायचे' असं तेवढं सांगू नकोस, नाहीतर पुन्हा सगळं भलतीकडेच जाईल. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, पण एवढं कर. बोलावलंस तर मी सोबत येईन.

काल बाबांची तिथी झाली. तू येत नाहीस, तरी रसिका दरवर्षी तुझ्या वाटची खीर काढून ठेवते. पान वाढून झालं, वरणभातावर तूप पडलं आणि मला राहवेना. एवढं तूप ते पचवणार कसे? मी खिशातली कॅप्सूल काढली आणि पहिल्या घासाशी, भाताला लावून ठेवली. ती डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात. भटजींना कळलं असतं तर त्यांनी पान पुन्हा वाढायला लावलं असतं. रसिकाने मात्र पाहिलं. निदान काल तरी बाबा पोट न दुखता जेवले असतील.

अनिमेषला आशीर्वाद. डॉक्टर काय म्हणाले ते कळव.

न पिणाऱ्या बाबांचा मुलगा,
तुझा
बाळदादा