रमाकाकूचा बत्ता

कासारगल्ली, जुने शहर, अकोला
रविवार, दि. ४ मे २०२५

चि. श्रावणीस सुभद्रामावशीचे पोटभर आशीर्वाद. पुष्कररावांना नमस्कार, अद्वैतले पापा.

फोन सोडून मावशीनं हे कागदाचं खूळ काहून काढलं, म्हणशील. फोनवर तू "जाऊ द्या हो मावशी" म्हणतेस अन् माहं तोंड बंद होते. कागद मधात बोलत नाही. दहावी नापास बाईचं अक्षर आहे, सांभाळून घे. बोलते तशीच लिहून राहिली, पुस्तकासारखं मले जमत नाही.

इकडचं म्हणशील तर ऊन पंचेचाळीसच्या वर गेलं. कूलरमधी पाणी टाकू टाकू जीव जाते. तुह्या नत्थुकाकाचे गुडघे तसेच, बोलणंही तसंच. आमच्या सुनेले, प्राजक्ताले, सातवा लागला. नालीचं काम महिन्यापासून खोदून ठेवलं आहे, फळीवरून जा-ये करतो. परवा भाजीवाल्याचा गाडा त्यातच कलंडला अन् सारी गल्ली टमाटे गोळा करायले धावली. अर्धे टमाटे गाड्यावर परत गेले. बाकीचे कुठं गेले ते विचारू नको, त्या दिवशी सगळ्याच घरी चटणी होती.

तू नेहमी म्हणतेस, मावशी, इथं अमरावतीले फ्लॅटात बाजूले कोण राहते तेही माहीत नाही. आपल्या गल्लीत उलटं. एकीनं मिरचीची फोडणी टाकली तर तिसऱ्या घरचा माणूस शिंकते. कुकरच्या शिट्ट्या मोजून समजते का पाहुणा आला. मी लग्न होऊन पातूरकडून आली तेव्हा मले इथं गुदमरल्यासारखं होत होतं. वावरात वाढलेली पोरगी, अन् खिडकी उघडली का समोरच्याची मोरी! एक दिवस चुलीजवळ बसून रडून राहिली होती, तर भिंतीतून आवाज आला. ठक, ठक. तुही आई, माह्या रमाकाकू, पलीकडून बत्ता वाजवून राहिली होती. मंग दारातून मान काढून म्हणाल्या, "अगं ए, रडणं झालं असेल तर चहाला ये."

तेव्हापासून आमचं ठरूनच गेलं. दोन ठोके म्हणजे चहा ठेवला. इकडून एक ठोका म्हणजे आली. अठ्ठावीस वर्षं. तुहे बाबा, चिंतामणकाका, पूजा सांगायले बाहेर गेले का तुही आई माह्याकडून झुणका अन् कच्चा कांदा मागून खायची, हे तुले माहीत आहे का? वरून म्हणायच्या, "ह्यांना सांगशील तर याद राख."

आता ज्याच्यासाठी बसली ते लिहिते. दोन वेळा उठून पाणी पिऊन आली.

गुरुवारी तू फोनवर म्हणाली का गाडीची चावी तुले फ्रिजमधी सापडली. आधी हसली, मंग म्हणाली, "मावशी, आईसारखंच होऊन राहिलं का मला? तपासून घेते एकदा." 

श्रावणी, तुह्या आईले काही झालं नव्हतं. डोकं शाबूत होतं तिचं. अखेरच्या दिवसापर्यंत.

मार्चमधी नळाचं भांडण झालं, ते तुले माहीत आहे. पाचव्या दिवशी नळ येते, त्यातही काकूच्या नळाले करंगळीएवढी धार. काकू भर गल्लीत म्हणाल्या, "सुभद्रा, तुमच्या नळाला मोटर लावली आहे. मी आवाज ऐकला." अन् मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "कोणती मोटर? या, पाहून घ्या!" त्या आल्या नाहीत. भल्या बाईसारख्या दारातच उभ्या राहिल्या. मंग मी चार बायकांले म्हटलं, काकूचं वय झालं, भास होतात त्यायले.

मोटर होती. आमच्या नितेशनं न्हाणीघरात टाकीमागं बसवली होती. त्यानं मले विचारलं होतं अन् मीच हो म्हटलं होतं. घरात चार माणसं, त्यात सून पोटुशी, असं मनाले समजावलं. पलीकडं एकटी बाई आहे, तिले किती पाणी लागते, असंही म्हटलं.

तुही आई तुह्यापाशी फोनवर रडली होती. अन् तू तिले काय म्हणाली, तेही मले माहीत आहे, कारण तूच मंग मले फोन करून माफी मागितली. "आई हल्ली काहीही बोलते, मावशी, मनावर घेऊ नका. मी तिला सांगितलं, सुभद्रामावशी खोटं बोलणार नाही." तू माफी मागत होती अन् मी म्हणत होती, "जाऊ दे बाई, म्हातारं माणूस आहे." हे म्हणतानी माही जीभ कशी झडली नाही?

मंग आमचा अबोला. पाडव्याले पहिल्यांदा आमच्या घरची पोळी काकूकडं गेली नाही अन् त्यायचं श्रीखंड इकडं आलं नाही. दोघी आपापल्या दारात गुढी उभारत होतो अन् एकमेकींकडं पाहत नव्हतो. गल्लीले सगळं दिसत होतं.

२ एप्रिलची दुपार. दीडचा सुमार असेल. जेवणं झाली होती, मी अन् प्राजक्ता स्वयंपाकघरात भांडे आवरून राहिलो होतो. भिंतीतून आवाज आला. ठक, ठक.

प्राजक्ता म्हणाली, "आई, काकू वाजवून राहिल्या." मी म्हटलं, "वाजवू दे."

मले काय वाटलं ते खरं सांगते. मले आनंद झाला. वाटलं, आली म्हातारी वळणावर, चहाच्या निमित्तानं बोलणं काढून राहिली. वाटलं, मले भर गल्लीत चोर म्हटलं, मंग समजूतही भर गल्लीतच काढावी. भिंतीतून नाही, दारातून यावं. दीड वाजता कोण चहा ठेवते, एवढंही माह्या टाळक्यात आलं नाही. थोड्या वेळानं परत ठक, ठक झालं. हळू. प्राजक्ता उठली तर मी तिचा हात धरून खाली बसवलं. मंग आतल्या खोलीत जाऊन कूलर मोठा केला अन् पडून राहिली. झोपही लागली मले, श्रावणी. चांगली गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची पिशवी त्यायच्या कडीले तशीच लटकून होती. नितेश गच्चीवरून उतरून आत गेला अन् त्यानं दार उघडलं. काकू भिंतीशी पडल्या होत्या, ओट्याखाली. बत्ता हाताजवळ होता.

मी तुले सांगितलं का झोपेत गेल्या. झोपेत नाही गेल्या. डॉक्टर म्हणाले, झटका दुपारी आला असेल, जीव संध्याकाळपर्यंत असेल. हे त्यायनं मले सांगितलं अन् मी तुह्यापर्यंत येऊ दिलं नाही. तू अमरावतीहून पोचायच्या आत मी तो बत्ता उचलला, धुतला अन् खलात ठेवून दिला. कोणी पाहिलं नाही. मंग तुले छातीशी धरून रडली. ते रडणं खोटं नव्हतं, एवढं मात्र मान.

तेरवीच्या दिवशी तुह्या आत्यानं विचारलं, शेवटी कशी होती वहिनी? तू म्हणाली, "आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं गं." मी तिथंच भात वाढून राहिली होती. पुढच्या पानाकडं गेली. जेवणं झाल्यावर तू खलबत्ता माह्या ओटीत टाकला. "मावशी, हा तुम्हीच ठेवा. आई याच्यानंच तुम्हाला बोलवायची ना." मी तो घेतला, बाई. नाही म्हणायची हिंमतही झाली नाही.

त्याले माह्या घरात जागा मिळत नाही. फळीवर ठेवला तर दिसते. पेटीत ठेवला तर जास्त दिसते. प्राजक्ता काही म्हणत नाही, पण हात धरून बसवलं त्या दिवसापासून ती माह्याशी कामापुरतंच बोलते. तिनं कोणाले सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

शुक्रवारी मी नितेशले म्हटलं, मोटर काढ. तुहे काका म्हणाले, आता काय फायदा? मी म्हटलं, काढ. काल नळ आला. पलीकडून धो धो आवाज येऊन राहिला होता. तू माह्यापाशी ठेवलेली घराची चावी घेऊन गेली तर काकूचा नळ मोकळाच राहिला होता अन् मोरी भरून वाहत होती. एवढं पाणी होतं गं तिच्या नळाले! एवढं पाणी होतं अन् मी तिले वेडी ठरवलं. मी काकूची घागर भरली, गुंड भरला, दोन बादल्या भरल्या. कोणासाठी भरल्या ते माहीत नाही. भरून झाल्यावर तिथंच भिंतीशी, त्या जागेवर, बसून राहिली.

तर डॉक्टरकडं जाऊ नको. चावी सगळ्यायची हरवते. तुही आई खरं बोलत होती अन् खोटी मी होती. तुह्या आत्याले हे सांग, ज्याले ज्याले तू ते डोक्याचं बोलली त्याले सांग. गल्लीत मी सांगीन. चौघींसमोर बोलली होती, त्याच चौघींले गोळा करीन. तू अखेरीस आईचं ऐकलं नाही, हे ओझं तू घेऊ नको. ते माहं आहे.

हे पत्र अन् खलबत्ता घेऊन नितेश उद्या सकाळच्या बसनं तुह्याकडं येईल. घराची चावीही त्याच्यापाशी दिली आहे. त्याच्यावर राग काढू नको. मोटर त्यानं लावली, पण भिंत मी ऐकली होती.

तू मले उत्तर नाही दिलं तरी चालते. मी कुठं दिलं होतं?

मावशी हा शब्द आता तू म्हटला तरच. तोवर नुसती,
सुभद्रा