मोबाइलमधला पक्षी

माऊ,

मी तळ्याकाठच्या बागेत चालले आहे. तू बाहेरून घातलेली कडी शेजारच्या वहिनींना हाक मारून काढून घेतली. त्यांच्यावर डाफरू नकोस, त्या नकोच म्हणत होत्या.

मी पडले, मान्य. पण पडले ती बाथरूममध्ये, बागेत नाही. आणि तू मला कोंडलंस ते त्याच बाथरूमशेजारी.

रोज सकाळी मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावून जातेस, तुझी माया कळते गं. पण तो पक्षी रोज तेच बोलतो आणि मध्येच साबणाची जाहिरात लागते. मला मनाला येईल तेव्हा ओरडणारा पक्षी ऐकायचाय. गवतात अनवाणी चालायचंय. काठी घेतली आहे, चपला तिथे गेल्यावर काढीन.

भावाला फोन करून त्याचा जीव टांगणीला लावू नकोस. ऑफिसातून आलीस की पर्स टाक आणि तडक तिकडेच ये. बाबा गेल्यापासून तू त्यांच्या बाकाकडे फिरकली नाहीस. मी माझ्या टोकाला बसते, त्यांची जागा तुला ठेवते.

तू आल्याशिवाय उठणार नाही. बाक बुटका आहे, मला एकटीला उठता येत नाही, हे तुला ठाऊक आहेच.

आई