सूर्याजवळून गेलेला अंधूक तारा

सर, नववीत तुम्ही आम्हाला शिकवलं होतं की तारे स्थिर असतात. तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमकं तेच विचारलं आणि सगळ्या वर्गानं तुमचं उत्तर दिलं. मी एकटी उभी राहिले. शाळेच्या कपाटातल्या जुन्या मासिकात वाचलेलं सांगितलं, की तारे पळत असतात, फक्त फार लांब असल्यामुळे आपल्याला कळत नाही. पोरीकडून शिकून घ्या मास्तर, असं म्हणून साहेब हसले. तुमचे लाल झालेले कान मला अजून दिसतात. साहेबांची जीप फाटकाबाहेर पडली तसं तुम्ही मला वर्गाबाहेर काढलंत. "जास्त शहाणी झालीस," एवढंच म्हणालात. घरी जाऊन मी आईबापाला सांगून टाकलं, "शाळा नको, मी तुमच्यासंगं ऊसतोडीला येते." त्यांना नाहीतरी धाकट्या भावाला सांभाळायला कुणीतरी हवंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर पारापाशी उभा आहे, ट्रॉलीत भांडीकुंडी, अंथरुणं, शेळी, आणि त्यात मी. टोळीचा मुकादम घाई करतोय. तेवढ्यात पाथरीच्या रस्त्यानं तुमची सायकल येते. तुम्ही माझ्याकडे बघत नाही, सरळ वडिलांपुढं उभे राहता. "पोरगी बरोबर होती. मी पुस्तक काढून बघितलं, चूक माझी होती. हिला नेऊ नका." वडील खाली बघत म्हणाले, "सर, आमी सहा महिने न्हाई. तिला ठेवायची कुठं?" तुम्ही म्हणालात, माझ्या घरी. मुकादमानं हॉर्न दाबून धरला. वडील हो म्हणतील याचीही मला भीती होती आणि नाही म्हणतील याचीही. शेवटी ट्रॉलीत बसलेली आई उठली, माझी वाकळ ओढून काढली आणि खाली टाकली. वाकळीमागून मी उतरले.

आता मी बोरीच्या शाळेत विज्ञान शिकवते. मागच्या आठवड्यात वर्गात एका ताऱ्याची गोष्ट सांगत होते. तो सापडला तेव्हा तुम्ही या जगात नव्हता. खरं तर ती जोडी आहे: एक लालसर, मंद तारा आणि त्याच्याभोवती फिरणारा त्याहून लहान सोबती, ज्याला धड तारा होताच आलं नाही. दुर्बिणीशिवाय दिसत नाही. आकाशात तो बाजूला फारसा सरकत नाही, पण आपल्यापासून वेगानं लांब चाललाय. म्हणजे मागं कधीतरी तो अगदी जवळ असणार. हिशेब उलटा मांडला तेव्हा कळलं, की सुमारे सत्तर हजार वर्षांपूर्वी तो सूर्याच्या शेजारून, सूर्यमालेबाहेरच्या धूमकेतूंच्या वेढ्यातून गेला. तेव्हा पृथ्वीवर माणसं होती. मी रंगात येऊन सांगत होते आणि फळ्यावर सात हजार लिहिलं.

मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, एक शून्य कमी पडायलंय." वर्ग हसला. मी तिला खाली बसवलं, चुका काढायला शाळेत येतेस का, असं विचारलं आणि आकडा दुरुस्त न करता पुसून टाकला. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. तिच्या गल्लीतली माणसं ऊसतोडीला निघालीत, हे मला माहीत होतं. परभणीला घरी परतताना रोज त्या गल्लीच्या तोंडाशी माझी स्कूटी हळू व्हायची. मी आत वळले नाही. आधी तिनं यावं, असं वाटत होतं.

पाचव्या दिवशी गेले तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "कालच गेली टोळी. पोरीला न्यायचं का न्हाई, ह्याच्यावर चार दिवस त्यांचं एकमत होईना झालतं."

तिच्याकडून नंबर घेतला. मुलीचे वडील फोनवर अदबीनं बोलले, आता तिकडं राहायला कोपी बांधून झाली, पुढच्या वर्षी बघू म्हणाले. मी रविवारी तिथं जाणार आहे. ते तिला पाठवतील असं मला वाटत नाही.

हे कागद मी वहीतच ठेवणार. शिक्षकांच्या खोलीत मी सगळ्यांना सांगितलं, की मुलगी जाणार हे मला उशिरा कळलं. सर, ते खोटं आहे. ती आली नाही त्या पहिल्याच दिवशी, हजेरी घेताना, मला कळलं होतं.