वाकडा बांध

आये, तुला अक्षर येत नव्हतं आणि मला चौथीपुरतंच येतं, त्यामुळे आपल्या दोघांत पत्र लिहायचा प्रश्न कधी आला नाही. आज लिहितोय, कारण हे बोलून दाखवावं असं घरात कुणी नाही. म्हणजे माणसं आहेत. मुलगा आहे, सून आहे, दोघंही माझी काळजी करतात, आणि तीच तर पंचाईत आहे. आम्ही आता काल्हेरला राहतो. तू पाहिलेलं काल्हेर विसर. आता सगळीकडे गोदामं, ट्रक, आणि मधेमधे उंच इमारती. त्यातल्या एकीत वरच्या मजल्यावर आमचं घर. खिडकीला जाळी, गॅलरीला जाळी, दाराला आत लाकडी आणि बाहेर लोखंडी दार. जाळी कबुतरांसाठी आहे असं सून सांगते, आणि ते खरंही आहे. पण सकाळी चहा घेऊन तिथे उभा राहिलो की छातीवर कुणी गोणी ठेवल्यासारखं होतं. मग मी गॅस बंद आहे का ते बघतो, कडी लागलीय का ते बघतो, परत गॅस बघतो. तू म्हणायचीस, "या पोराचा जीव उंदराचा हाय." अजून तसाच आहे.

डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं आणि थोड्याच दिवसांत मी हरवलो. गोदामांच्या गल्ल्या सगळ्या सारख्या. निळे पत्रे, भिंत, वॉचमन, परत निळे पत्रे. घाबरून एका वॉचमनच्या खुर्चीत बसून राहिलो, मुलगा येऊन घेऊन गेला. मग सुनेनं मला हा फोन दिला. त्यात नकाशा आहे आणि नकाशावर एक निळा ठिपका. ती म्हणाली, "बाबा, हा ठिपका म्हणजे तुम्ही. तुम्ही चाललात की हा चालतो. वाट चुकली तर याच्याकडे बघत परत यायचं." मी विचारलं, "याला कसं कळतं मी कुठं हाय ते?" "वरून, आकाशातून बघतात." "कोन बघतं?" ती हसली. "मीच बघते असं समजा." ते थट्टेत म्हटलं तरी खरं निघालं. माझा ठिपका तिच्या फोनवर दिसतो आणि मुलाच्याही. टपरीवर चहाला थांबलो तरी मुलाचा फोन येतो, "बाबा, थांबलास कशाला? दमलास काय?"

पण आये, त्याच ठिपक्यानं मला घराबाहेर काढलं हेही खरं. नकाशावर बारीक तुटक रेघा असतात, त्या जुन्या पायवाटा. जमिनीवर त्यांचा मागमूस नसतो, नकाशातून कुणी पुसायच्या राहिल्यात. अशी एक रेघ धरून गेलो तर दोन कंपाउंडच्या भिंतींमधल्या फटीत, जिथे माणसाला अंग चोरून शिरावं लागतं तिथे, शेंदूर लावलेला देव निघाला आणि त्याच्यापुढे ताजं फूल. कुणीतरी अजून अंग चोरून तिथे जातं. दुसऱ्या वेळी एक निळी रेघ धरली, पाण्याची. ती गोदामाखाली शिरत होती. वळसा घालून पलीकडे गेलो तर सिमेंटच्या पाइपातून ओहोळ बाहेर पडत होता आणि दगडांत मुठे फिरत होते, तू कालवणाला धरायचीस ते बारके खेकडे. मी बघत बसलो. फोन वाजला. "बाबा, नाल्यात काय करतोस?"

एका दुपारी बोट भलतीकडे लागलं आणि नकाशाच्या जागी खरा फोटो आला, आकाशातून काढलेला. गोदामांची छपरं दिसायला लागली. मी बोटानं सरकवत धामणकर नाका गाठला, तिथून रस्ता धरून आपल्या गावाकडे, दिघाशीकडे गेलो, आणि आंब्याच्या झाडावरून आपलं शिवार ओळखलं. ती जमीन आता आपली राहिलेली नाही. चुलत्यांची पोरं आणि तुझा नातू, सगळ्यांनी मिळून गोदामासाठी दिली. सह्या झाल्या, त्यात माझीही झाली. खाचरांचे बांध जेसीबीनं मोडलेत आणि आता भराव पडणार, हे मुलानंच जेवताना सांगितलं होतं. पण फोटो जुना होता. फोटोत सगळे बांध जागच्या जागी होते, सरळ. नदीकडच्या टोकाला मात्र एकच बांध वाकडा. सरळ येतो, एका जागी पोट काढतो आणि पुन्हा सरळ जातो. मधे झाड नाही, खडक नाही. त्या बांधावरून मी किती वेळा चाललो असेन. खाली उभं राहून तो नुसता वाकडा दिसायचा. वरून बघितल्यावर कळलं की तो कशालातरी वळसा घालतोय.

तो बांध मी एकदा सरळ करायला घेतला होता, तुला आठवेल. भिवंडीत पॉवरलूमला सुट्टी होती, गावी आलो होतो, अंगात जोर होता, वाटलं बाला खूश करू. बा आला आणि बघत उभा राहिला. "कोनी सांगितला तुला?" मी म्हटलं, "वाकडा व्हता. सरळ केला तर भात जास्त लावता येईल." "जसा व्हता तसा कर." एवढंच. मी चिखल परत लावेपर्यंत तो जागचा हलला नाही. आवाज चढवला नाही, पण त्या दिवशी जेवला नाही. तू मला चुलीपुढे बसवलंस, भाकरीवर गूळ ठेवलास आणि म्हणालीस, "त्याचा डोका फिरलाय. तू मनाला लावून घेऊ नको." मी लावून घेतलं होतं. भिवंडीला परत गेलो तरी लूमच्या खडखडाटात तेच ऐकू यायचं.

आणि दुपारची भाकरी. आंब्याखाली एवढी सावली, आणि बा फडकं नेऊन पसरतो त्या वाकड्या बांधावर. मी लहान आहे, माझे पाय भाजतायत. तू पदर पुढे ओढून म्हणतेस, "अवो, सावली सोडून हितं उन्हात कशाला बसवता?" "हितं वारा हाय." "कुठला वारा? पान हालत न्हाय. वाराच खायचा व्हता तर भाकरी कशाला आनायला सांगितली?" बा भाकरी मोडतो. तू रोज कुरकुर करायचीस आणि रोज तिथेच बसायचीस.

माझ्या पाठच्या बहिणीचं मला काहीच आठवत नाही. ती होती आणि मग नव्हती. दात यायच्या आधीच गेली. एवढ्या लहानग्याला आपल्यात अग्नी देत नाहीत, पुरतात, आणि आईला जागा सांगत नाहीत. सांगितली तर बाई तिथेच जाऊन बसते, घरात तिचं मन लागत नाही, असं मानायचे. बा तिला फडक्यात गुंडाळून घेऊन गेला आणि रिकाम्या हातानं आला. सर्वपित्रीला तू एक बारकं पान वेगळं वाढायचीस, आणि वर्षातून त्याच दिवशी, चुलीकडे तोंड करून विचारायचीस, "एवढाच सांगा, नदीकडं का माळाकडं?" बा म्हणायचा, "एकदा दिली ती दिली." पुढच्या वर्षी तू पुन्हा विचारायचीस. बा गेला तो न सांगता, आणि तू गेलीस ती न कळता.

फोटोतला तो वळसा मी बोटांनी मोठा करून पुन्हा पुन्हा बघितला. भराव पडायच्या आत तिथे जायला हवं होतं. फोन घरी ठेवून गेलो तर बांध मोडलेत, जागा सापडणार नाही. आणि घेऊन गेलो तर दोघांना दिसणार. त्याच विचारात मी काही दिवस या खोलीतून त्या खोलीत फिरलो. सून म्हणाली, "बाबा, बरं वाटत नाही का?" शेवटी फोन खिशात टाकला आणि निघालो. नाक्यावर रिक्षा बदलली, पुढे टमटम मिळाली.

शिवारात ओळख पटेना. सगळं सपाट, आंबाही कापलेला, पलीकडच्या टोकाला डंपर मुरूम ओतत होते. मी फोटो उघडला. ठिपका फोटोतल्या बांधावरून चालत होता आणि मी उघड्या मातीवरून. मधेच तो थरथरायचा, शेजारच्या खाचरात उडी मारायचा. मी थांबायचो, तो शांत झाला की पुन्हा पाऊल टाकायचो. तो त्या वळशात जाऊन थांबला तेव्हा पायाखाली नुसती ढेकळं होती. मी बसलो आणि काडीनं, मग हातानं माती उकरली. काही नाही. थोडं सरकून पुन्हा उकरली. मग एक गोटा लागला, नदीतला, गुळगुळीत. त्याच्या शेजारी दुसरा. आये, आपले बांध चिखलाचे, नदीचा गोटा त्यांना कुणी कधी लावला नाही. हे गोटे एकमेकांना भिडवून, बोट शिरणार नाही असे मांडलेले होते. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून मांडतात तसे. नदीकडं, आये. नदीकडं होती ती. मी एक गोटा उचलला, परत तिथेच ठेवला आणि माती लोटली.

डंपरवाल्यांचा मुकादम आला. "चाचा, उधर से हटो, गाडी पीछे ले रहे हैं. कुछ गिर गया क्या?"

"हां."

"मिला?"

"मिल गया."

"तो फिर निकलो ना चाचा. अभी इधरीच डालना है."

मी विचारलं, "ये कोना छोड सकते क्या?" तो हसला नाही, ते बरं केलं. "पूरे प्लॉट का लेव्हल मिलाना है. सेठ को बोलो. क्या है इधर?"

तिथे मी अडकलो. काय आहे ते सांगितलं असतं तर काम थांबलं असतं, आणि मग उकरलं असतं. चुलत भाऊ, पोलीस, भटजी, सगळे भोवती उभे राहिले असते. कुणी म्हणालं असतं दुसरीकडे नेऊन नीट विधी करू, कुणी मोबाइलवर फोटो काढले असते. बानं एवढं झाकून ठेवलेलं त्यांनी उघडं केलं असतं. आणि न सांगितलं तर वर मुरूम, मुरुमावर काँक्रीट, काँक्रीटवर कुणाचे तरी खोके. मला तिसरं काही सुचलं नाही, अजूनही सुचत नाही. मी म्हणालो, "कुछ नहीं. हमारा खेत था."

तेवढ्यात मुलगा मोटरसायकलवरून आला, हेल्मेट न काढताच धावत. "बाबा, कवाचा तुझा ठिपका एकाच जागी हाय. मला वाटला पडलास."

"न्हाय पडलो."

"मग हितं करतोस काय?"

"बघायला आलो."

"बघायला काय ऱ्हायलाय? आंबा पन गेला."

माझ्या मातीनं भरलेल्या बोटांकडे त्यानं पाहिलं, काहीतरी विचारायचं त्याच्या ओठावर आलं, पण त्यानं नुसता रुमाल दिला. मी हात पुसले. मागे बसलो तेव्हा डंपरचा फाळका उघडल्याचा आवाज आला आणि मग मुरूम घसरल्याचा. मी मुलाच्या खांद्याला घट्ट धरलं. तो म्हणाला, "सावकाशच चालवतोय, घाबरू नको."

फोनमधला फोटो अजून जुनाच आहे. तो कधीतरी बदलतात, असं सून सांगते. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि घरात ठेवलं तर मुलाच्या हाती लागेल, म्हणून लिहून झालं की फाडणार आहे. तू वाचणार नाहीस म्हणून तर एवढं लिहू शकलो. तू समोर असतीस आणि चुलीकडे तोंड करून विचारलं असतंस, तर मीही तुला सांगितलं नसतं.